तिसरा महिना लागायची वाट पाहू नकोस

पत्र :

ताई, मी औसा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय २६. दोन वर्षांपासून थायरॉइडची ५० ची गोळी चालू आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, आता पहिल्यांदाच दिवस राहिलेत, सातवा आठवडा आहे. सासूबाई म्हणतात, तीन महिने होईपर्यंत पोटात कसलीच गोळी जाऊ द्यायची नाही, गोळ्या उष्ण पडतात. माझ्या जाऊबाईंचं मागच्या वर्षी दुसऱ्या महिन्यातच पडलं. तेव्हा त्या कसल्याशा गोळ्या घेत होत्या, म्हणून घरात सगळ्यांनीच धसका घेतलाय. मी बारा दिवसांपूर्वी गोळी बंद केली. परवा लातूरला रक्त तपासलं तर टीएसएच ६.८ आला. दोन महिन्यांपूर्वी ३.१ होता. मोबाइलवर वाचलं की थायरॉइड कमी असेल तर बाळ मंद होतं. तेव्हापासून झोप नाही. मालक पुण्याला कंपनीत आहेत, फोनवर म्हणतात आई सांगते तसं कर. मला उठल्याउठल्या चहा लागतो, आणि आता तर उलट्याही सुरू झाल्यात. गोळी घ्यावी का नाही? घ्यायची तर कधी? कोबी, शेंगदाणे बंद करू का? पहिलं बाळंतपण माहेरी, जिंतूरकडे आहे, तिकडे काय सांगायचं? आणि माझ्या बाळाचं काही बिघडलं असेल का?

— काळजीत पडलेली सून

उत्तर :

लेकी, उद्या सकाळी उठलीस की पहिलं काम गोळी घ्यायचं. बाकीचं पत्र सावकाश वाच, सासूबाईंनाही वाचून दाखव, पण गोळीला आता एका दिवसाचाही उशीर नको. आणि दोन दिवसांच्या आत रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, कारण पूर्वीची ५० ची (मायक्रोग्रॅमची) मात्रा तुला आता बहुतेक पुरणार नाही. ती वाढवावी लागेल.

तुझी झोप उडवणारा प्रश्न आधी घेते. बारा दिवस गोळी चुकली म्हणून बाळाचं बिघडलं, असं समजायचं काही कारण नाही. ही गोळी बंद केली की लगेच अंगातून निघून जात नाही. रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं औषध, निम्म्यावर यायलाच साधारण सात दिवस लागतात. शिवाय तुझं ५० सारख्या लहान मात्रेवर भागत होतं, याचा अर्थ तुझी स्वतःची ग्रंथी अजून थोडंफार काम करते आहे. मोबाइलवर तू जे वाचलंस ते पुष्कळ कमी झालेल्या आणि महिनोन्‌महिने उपचार न मिळालेल्या थायरॉइडबद्दल असतं, नाहीतर जिथे खाण्यात आयोडीनच नाही अशा भागांबद्दल असतं. त्यात खोटं काही नाही, पण तुझी गत ती नव्हे. थायरॉइड थोडा कमी असलेल्या गरोदर बायकांवर दोन मोठे अभ्यास झालेत. एक ब्रिटन आणि इटलीत, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला, दुसरा अमेरिकेत, २०१७ मधला. त्यांतल्या काही बायकांना तीन-चार महिने उलटल्यावर गोळी सुरू केली होती, काहींना दिलीच नव्हती. पुढे मुलं तीन ते पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीची चाचणी घेतली, तर दोन्हीकडच्या मुलांत फरक सापडला नाही. हे मी तुला धीर यावा म्हणून सांगतेय. गोळी नाही घेतली तरी चालतं, असा अर्थ यातून काढू नकोस. तुला आधीपासून हा आजार आहे, गोळीवर आहेस, आणि थायरॉइड कमी राहिला तर गर्भ पडणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं, बाळाचं वजन कमी भरणं, आईचा रक्तदाब वाढणं या गोष्टींचा धोका वाढतो. तो टाळणं सोपं आहे, म्हणून तर एवढं कळकळीनं लिहितेय.

गळ्यात, कंठाच्या खाली, ही ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन बनवते. ते कमी पडलं की मेंदूतून टीएसएच नावाचा निरोप जास्त जोरात जातो. उसाच्या फडात हात सुस्तावले की मुकादमाचा आवाज चढतो ना, तसंच. म्हणून टीएसएच वाढला की समजायचं, थायरॉइड कमी पडतोय. तुझा आकडा ३.१ वरून ६.८ वर गेला त्याची कारणं दोन आहेत. गोळी बंद केलीस हे एक. दुसरं असं की दिवस राहिल्यावर शरीराची थायरॉक्सिनची गरजच वाढते, आणि ती चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच, म्हणजे पाळी चुकते न चुकते तोच वाढायला लागते. निरोगी ग्रंथी आपोआप जास्त काम करते, बाईला पत्ताही लागत नाही. तुझी ग्रंथी दमलेली आहे, तिला ते जमत नाही, म्हणून वरून पुरवायचं.

आता पोटातल्या लेकराकडे बघ. त्याची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास थोडं थोडं काम करायला लागते, आणि तिच्यावर भागावं एवढं थायरॉक्सिन तयार व्हायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईच्या रक्तातून, वारेतून जातं. पहिल्या तीन महिन्यांत तर सगळंच तुझ्याकडून. सासूबाई ज्या तीन महिन्यांत गोळी नको म्हणतात, नेमक्या त्याच तीन महिन्यांत बाळ या बाबतीत पूर्णपणे तुझ्यावर अवलंबून आहे.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांचं म्हणणं मुळातून चुकीचं नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, त्या काळात मनानं औषधं घेऊ नयेत, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. अंगदुखीची गोळी, मुरुमांचं औषध, मेडिकलवाल्यानं दिलेली अँटिबायोटिक, यांच्या बाबतीत त्यांचा धाक बरोबरच आहे. फक्त थायरॉक्सिन त्यात बसत नाही. आपलं शरीर जे बनवतं, तेच आणि तसंच गोळीत भरलेलं असतं. कमी पडलेलं भरून काढायचं, एवढंच तिचं काम. जगभर कित्येक वर्षं गरोदर बायका ती घेत आल्या आहेत, अंगावर पाजणाऱ्या आयाही घेतात. उष्ण पडणं म्हणाल तर मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. तसं काही झालं तर डॉक्टरांना सांगायचं, ते मात्रा कमी करतील. मनानं बंद करायची नाही.

जाऊबाईंचं जे झालं त्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय, कारण तुमच्या घरातली खरी भीती तिथं आहे. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक गर्भांमध्ये गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. बीज रुजतानाच झालेली चूक असते ती. त्याला आईनं खाल्लेली गोळी, उचललेली घागर, चढलेला जिना, यातलं काही कारण नसतं. पण आपल्याकडे गर्भ पडला की कुणीतरी दोष शोधतंच, आणि तो बहुतेक वेळा त्या बाईच्याच पदरात पडतो. जाऊबाई कसल्या गोळ्या घेत होत्या ते मला माहीत नाही. फॉलिक ॲसिडच्याही असतील, त्या तर दिवस राहायच्या आधीपासून घ्यायच्या असतात. तुझ्या निमित्तानं त्यांच्याही मनावरचं ओझं उतरलं तर फार बरं होईल. त्यांना माझ्यातर्फे सांग की पुढच्या वेळेआधी एकदा टीएसएच तपासून घ्या. गर्भ पडण्याच्या कारणांमध्ये कमी थायरॉइड हेही एक कारण असतं. तेव्हा गोळी घेतल्यानं पडेल या भीतीनं गोळी बंद करणं म्हणजे ज्याला भ्यायचं त्याच्याच दारात जाऊन उभं राहणं आहे.

दवाखान्यात जाताना सासूबाईंना बरोबर ने. सून सांगते आणि डॉक्टर सांगतात यात फरक पडतो, आणि त्यांच्या मनातले प्रश्न त्यांनाच विचारू दे. त्या विरोधात आहेत असं धरून चालू नकोस. एका नातवंडाच्या वेळी घर पोळलंय, म्हणून त्या घाबरल्या आहेत. उद्या त्यांना पटलं तर सकाळी हाक मारून गोळी देणाऱ्या त्याच असतील.

आणखी एक रीत आपल्याकडे आहे. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. गावात नका सांगू, भावकीत नका सांगू, माझी काही हरकत नाही. पण त्या पायी बायका डॉक्टरांकडेही तिसरा महिना संपल्यावर येतात, आणि थायरॉइड असलेल्या बाईसाठी तोवर महत्त्वाचा काळ निघून गेलेला असतो. आशाताईला आताच सांग. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायचं असतं, माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, त्या कार्डावर पहिल्याच पानावर ‘थायरॉइड, गोळी चालू’ असं ठळक लिहून घे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, पण ती चौथ्या महिन्यापासून पुढच्यांसाठी. तू त्या तारखेची वाट पाहत बसू नकोस. खाजगीत परवडत नसेल तर लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात जा. बीड-परभणीकडच्या वाचकांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ पडेल.

मात्रेचं सांगते. आधीपासून गोळीवर असलेल्या बाईला गरोदरपणात साधारण पाव ते निम्म्यानं जास्त मात्रा लागते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या सूचनांमध्ये यावर एक सोपी रीत दिली आहे. चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे आठवड्यातले दोन वार ठरवून त्या दिवशी दोन-दोन, आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं. तुझ्या डॉक्टरांना आजच फोन लाव, आकडा सांग आणि हे विचार. ते कदाचित सरळ ७५ ची गोळी देतील. काय द्यायचं ते त्यांनी ठरवावं, पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं कुणी म्हणालं तर ‘मला सातवा आठवडा आहे आणि टीएसएच ६.८ आहे’ हे पुन्हा एकदा स्पष्ट सांग. लाजू नकोस.

रिपोर्टच्या कागदावर छापलेल्या हद्दीवर जाऊ नकोस. तिथे ०.४ ते ४ च्या आसपासची जी हद्द असते ती गरोदर नसलेल्यांची असते. पहिल्या महिन्यांत टीएसएच मुळातच खाली जातो, त्यामुळे गोळीवर असलेल्या गरोदर बाईचा आकडा २.५ च्या खाली ठेवायचा असतो. मूल हवंय म्हणून वाट पाहणाऱ्या आणि गोळीवर असलेल्या माझ्या बाकीच्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं. दिवस राहायच्या आधीच तपासून आकडा २.५ च्या खाली आणून ठेवला तर पुढची धावपळ वाचते. ज्यांना गोळी नाही आणि तपासणीत आकडा थोडासाच वर आलाय, त्यांनी मात्र दुसरीची गोळी बघून आपली सुरू करू नये. त्यांच्यात अँटी-टीपीओ नावाची, ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं दाखवणारी रक्ततपासणी बघून डॉक्टर ठरवतात.

मात्रा बदलली की चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. पाचवा महिना होईपर्यंत दर चार आठवड्यांनी, मग एकदा तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळू नकोस, आणि थकवा वाटतोय म्हणून थायरॉइड कमी पडला असंही ठरवू नकोस. दमणूक, शौचाला साफ न होणं, केस गळणं, पेंग येणं हे सगळं थायरॉइडनंही होतं आणि नुसत्या गरोदरपणानंही होतं. अंगावरून ओळखता येत नाही, रक्तावरूनच कळतं. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. तपासणीच्या दिवशी आधी रक्त दे, मग गोळी घे. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या कुणी दिल्या असतील तर ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांग, त्यांच्यामुळे आकडे चुकीचे येतात. त्या तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात.

आता चहा. मला ठाऊक आहे, आपल्याकडे चुलीवर आधण ठेवल्याशिवाय दिवस उजाडत नाही. पण ही गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि त्यानंतर अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. दुधाच्या चहाबरोबर घेतली तर ती पुरती अंगी लागत नाही. बायका सांगतात, गोळी रोज घेते तरी टीएसएच उतरत नाही, आणि विचारलं की कळतं गोळी चहाच्या कपाबरोबरच जाते. तू पाण्याचा तांब्या आणि गोळ्या उशाशी ठेव. पहाटे लघवीला उठतेसच, तेव्हा घे आणि परत पड. तासाभरानं उठशील तेव्हा चहाला मोकळी.

उलट्यांचं जरा अवघड आहे, कारण सकाळी रिकाम्या पोटी मळमळ जास्त. गोळी घेतल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती गोळी गेली असं धरून दुसरी घ्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. तासाभरानंतर झाली तर काळजी नको. आणि सकाळी रोजच असं होत असेल तर गोळी रात्री घे. रात्री आठच्या आत जेवण आणि अकराला झोपताना गोळी, मध्ये तीन तास काही खायचं नाही, दूधही नाही. सकाळी किंवा रात्री, एक वेळ ठरव आणि तीच पाळ. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल तर मात्र गोळीचा विचार सोडून सरळ दवाखान्यात जा, सलाइन लागू शकतं. अंगावरून रक्त गेलं किंवा ओटीपोटात जोराची कळ आली तरी तसंच, रात्र असली तरी थांबायचं नाही.

चौथ्या महिन्यापासून तुला लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम मिळेल. दोन्ही घ्यायचंच आहे, मराठवाड्यात रक्त कमी असलेल्या पोरी मी रोज बघते. पण लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या गोळीला पोटात धरून ठेवतात, तिला रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून मध्ये चार तास हवेत. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांसोबत नको. असं जमव : पहाटे सहाला थायरॉइडची गोळी, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, संध्याकाळी चारच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी, रात्रीच्या जेवणानंतर दुसरं कॅल्शियम. थायरॉइडची गोळी रात्री घेणार असशील तर हे सगळं उलटं मांडावं लागेल, रात्रीचं कॅल्शियम सकाळच्या न्याहारीला येईल. ॲसिडिटीचं पातळ औषधही याच चार तासांच्या हिशोबात धर. आत्ता पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड चालूच असेल. नसेल तर तेही उद्यापासून.

खाण्यापिण्याच्या याद्या मोबाइलवर फिरतात, कोबी नको, फ्लॉवर नको, मुळा नको, शेंगदाणे नकोत. शेंगदाण्याची चटणी, दाण्याचं कूट सोडलं तर आपल्या घरात खायला राहतं काय? तू हे सगळं शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खा. बाजरीची भाकरीही थंडीत खायला हरकत नाही, रोज तीन वेळा तीच नको एवढंच, ज्वारी आहेच. सोयाबीनचं मात्र सांगते, कारण तुमच्या भागात खरिपाला शिवारभर तेच असतं आणि हल्ली घरोघर पिठातही मिसळतात. सोयाबीन वाईट नाही, प्रथिनं चांगली मिळतात, पण ते थायरॉइडच्या गोळीला अडवतं. सकाळी गोळी घेतलीस तर न्याहारीला सोयावडी किंवा सोयापिठाची चपाती नको, दुपारी खा. आणि एक आठवडा खूप, दुसरा आठवडा अजिबात नाही, असं करू नकोस.

मीठ आयोडीनचंच हवं. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, बाळाच्या ग्रंथीला थायरॉक्सिन बनवायला ते हवंच असतं. दुकानातून आणलेलं आयोडीनचं मीठ घरात पोचल्यावर त्यात निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असायला हवं, पण चुलीशेजारी उघड्या बरणीत ठेवलं तर ते उडून जातं. झाकणाची बरणी, फडताळात, आणि मीठ शक्यतो भाजी उतरवताना घालायचं. लोणच्याचं खडे मीठ आणि उपवासाचं सैंधव यांत आयोडीन नसल्यातच जमा. उपवास धरायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, पण उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही, पाण्याबरोबर घ्यायचीच. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या असलं काही जास्तीचं मात्र घेऊ नकोस, जादा आयोडीननंही थायरॉइड बिघडतो. आणि कुणी थायरॉइडवर काढा किंवा कांचनार गुग्गुळ सुचवला तर नम्रपणे नाही म्हण. गुग्गुळाची औषधं गरोदरपणात देऊ नयेत, हे आयुर्वेदाचे जाणकारही सांगतात.

गोळ्या ठेवायची जागा फार कुणी विचारत नाही, पण आपल्या उन्हाळ्यात ती महत्त्वाची आहे. पारा बेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नको. उष्णतेनं, ओलीनं आणि उजेडानं थायरॉक्सिनचा जोर कमी होतो. बाटली खिडकीत नको, चुलीजवळ नको, न्हाणीघरात नको. घरातल्या सगळ्यात गार, कोरड्या, अंधाऱ्या कोनाड्यात ठेव, आणि गोळ्या मूळ बाटलीतून काढून पुडीत बांधू नकोस. थायरोनॉर्म घेत असशील तर तीच घे, एल्ट्रॉक्सिन असेल तर तीच. मेडिकलवाल्यानं दुसरी कंपनी दिली तर डॉक्टरांना कळव, मग चार-सहा आठवड्यांनी रक्त बघावं लागतं. गोळी महाग नाही, दीड-दोन रुपयांच्या आसपास एक पडते. महिनाभराची एकदम आणून ठेव, पेरणी-काढणीच्या घाईत तालुक्याला जाणं राहून जातं आणि चार दिवस खाडा पडतो.

तुझ्या मालकांना फोनवर एकच काम सांग. डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशी त्यांनी फोनवर हजर राहायचं, आणि आईशी स्वतः बोलायचं. आई सांगते तसं कर म्हणणं सोपं आहे, पण हा निर्णय त्यांच्याही बाळाचा आहे, तो सगळा तुझ्या एकटीच्या अंगावर टाकणं बरोबर नाही. दर चार आठवड्यांनी रक्त तपासायला लातूरला जायचं म्हणजे गाडीभाडं, लॅबचे पैसे, दिवस मोडणं आलं. त्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवावी.

सातव्या महिन्यात माहेरी जाशील तेव्हा तिसाव्या आठवड्याची तपासणी नेमकी त्याच सुमारास येते. ती लातूरला करून निघ, किंवा तिकडच्या डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत करून घे. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलला लावून घेऊन जा, चालू मात्रा वर लिहून ठेव. बाळ झाल्यावर दोन गोष्टी तिथल्या डॉक्टरांना आठवणीनं सांगायच्या. बाळाची टीएसएच तपासणी, टाचेतून थोडंसं रक्त घेऊन करतात, साधारण दोन-तीन दिवसांचं झाल्यावर. ही खरं तर प्रत्येक बाळाची व्हायला हवी, पण न विचारता होईलच असं धरू नकोस. दुसरं म्हणजे तुझी मात्रा. बाळंतपणानंतर ती बहुधा पूर्वीच्या ५० वर आणतात, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. तिकडे आईला सांगून ठेव की सकाळी आधी गोळी, मग तासाभरानं दूध. डिंकाचे, अळिवाचे लाडू तर त्याहून उशिरा, कारण अळिवात लोह भरपूर असतं. अंगावर पाजताना गोळी चालूच ठेवायची, ती दुधातून बाळाला बाधत नाही. चार आठवड्यांनी नवा आकडा आला की मला कळव.